निवृत्तीनंतर किती वर्षांची तरतूद? आयुर्मानाचा अंदाज बांधण्याची रीत

निवृत्तीनंतरच्या खर्चाचा हिशेब तीन गोष्टींवर उभा असतो: दरमहा किती पैसे लागतील, महागाई आणि व्याज यांचे दर काय राहतील, आणि ही सोय किती वर्षे पुरवावी लागेल. पहिल्या दोन गोष्टींवर घरात, बँकेत, सल्लागाराकडे बरीच चर्चा होते. तिसरी बहुतेकदा अंदाजपंचे ठरते. ‘आमच्याकडे सत्तरीच्या पुढे कोणी गेले नाही’ असे म्हणून किंवा वर्तमानपत्रात वाचलेले सरासरी आयुर्मान धरून हिशेब मोकळा केला जातो. या दोन्ही रीतींनी काळ कमी धरला जातो आणि त्याची किंमत अशा वयात मोजावी लागते, ज्या वयात नव्याने कमाई करणे शक्य नसते.

एखादी व्यक्ती नेमकी किती जगेल हे कोणत्याही शास्त्राला सांगता येत नाही. मात्र एकाच वयाच्या, सारख्या परिस्थितीतल्या हजार माणसांपैकी किती जण कोणत्या वयापर्यंत पोहोचतील, हे बऱ्यापैकी सांगता येते. नियोजनाला एवढे पुरते. त्यासाठी ‘मी किती जगेन?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या वयापर्यंत पैसे पुरले पाहिजेत?’ हा प्रश्न घ्यावा लागतो.

जन्माच्या वेळचे आयुर्मान आणि साठीचे आयुर्मान

भारतातील आयुर्मानाचे अधिकृत आकडे महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पद्धतीतून मिळतात. या नोंदींवरून पाच-पाच वर्षांच्या सरासरीने आयुर्मान सारण्या तयार होतात. १९७०-७५ या काळात भारतीयांचे जन्माच्या वेळचे आयुर्मान ४९.७ वर्षे होते. २०१६-२० या काळात ते ७० वर्षांपर्यंत आले. महाराष्ट्राचा आकडा देशापेक्षा वरचा असतो. २०१४-१८ च्या सारणीत देशाचा आकडा ६९.४, महाराष्ट्राचा ७२.५ आणि केरळचा ७५.३ होता.

हे सारे आकडे आज जन्मलेल्या बाळाविषयी आहेत. त्यांत बालमृत्यू, तरुणपणीचे अपघात, बाळंतपणातले मृत्यू अशा सगळ्यांची वजावट झालेली असते. १९७१ मध्ये देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती, तर २०२० मध्ये २८. जुन्या काळचे आयुर्मान इतके कमी दिसते त्याचे एक मोठे कारण हे आहे. जो माणूस साठीपर्यंत पोहोचला, त्याने हे सारे धोके मागे टाकलेले असतात. त्याला ‘७० वजा ६०, म्हणजे उरली १० वर्षे’ हा हिशेब लागू होत नाही.

त्याच सारण्यांत प्रत्येक वयोगटाचे उर्वरित आयुर्मानही दिलेले असते. २०१४-१८ च्या सुमारास साठाव्या वर्षी भारतीयांचे उर्वरित आयुर्मान साधारण १८ वर्षे होते: पुरुषांचे १७ ते साडेसतरा, स्त्रियांचे १९ च्या आसपास. सत्तराव्या वर्षी ते ११ ते १२ वर्षे भरते. म्हणजे साठीतला सरासरी माणूस ७८ पर्यंत जातो आणि जो सत्तरी गाठतो तो सरासरीने ८१-८२ पर्यंत. वय वाढत जाते तसे सरासरीने गाठायचे वयही पुढे सरकते, कारण वाटेत गळालेल्यांची मोजदाद आता होत नाही.

कोणती सारणी जवळची?

आयुर्मान सारणी ही काही आजची कल्पना नाही. धूमकेतूमुळे ज्याचे नाव लोकांना माहीत आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून अशी सारणी मांडली. आयुष्यभर ठरावीक रक्कम देण्याच्या कराराची किंमत किती असावी, हे काढणे हा तिचा एक उपयोग होता. आजच्या विमा कंपन्या तेच काम अधिक बारकाईने करतात.

भारतात इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ही संस्था विमा उतरवलेल्यांच्या आणि पेन्शन योजना घेतलेल्यांच्या अनुभवावरून स्वतंत्र मृत्युदर सारण्या तयार करते. राष्ट्रीय सारणीत भूमिहीन मजुरापासून उद्योगपतीपर्यंत सगळे मोजलेले असतात. विमा उतरवणारा वर्ग वैद्यकीय तपासणीतून गेलेला आणि बहुधा नियमित उत्पन्नाचा असतो. पेन्शन योजना विकत घेणारा माणूस तर ‘आपण बरेच जगू’ असे वाटते म्हणूनच ती घेतो आणि आकडेवारीतही हा गट इतरांपेक्षा जास्त जगतो. शहरात राहणारा, भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी हाती येणारा, आरोग्य विमा असलेला वाचक राष्ट्रीय सरासरीपेक्षा या दुसऱ्या-तिसऱ्या गटाच्या जवळ असतो. म्हणून साठीनंतरची १८ वर्षे हा त्याच्यासाठी खालचा अंदाज समजावा.

आणखी एक दुरुस्ती करावी लागते. प्रसिद्ध सारण्या त्या-त्या काळातल्या मृत्युदरावर बेतलेल्या असतात. आज ६० वर्षांचा असलेला माणूस ८५ चा होईल तेव्हा उपचार आजच्यापेक्षा सुधारलेले असण्याची शक्यता आहे. ही सुधारणा सारणीत धरलेली नसते. उलट कोविडसारखी साथ काही काळ आकडे मागेही खेचते. दीर्घ पल्ल्याच्या नियोजनात एक-दोन वर्षे वाढीव धरणे हे शहाणपणाचे ठरते.

सरासरीवर थांबले तर काय होते?

सरासरी वयापर्यंतच पैसे पुरतील अशी तरतूद करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांचे पैसे त्यांच्या आधी संपतात. हे समजण्यासाठी एक सोपे गणित उपयोगी पडते. १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिले की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक पटीने वाढत जाते. ही शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते असे ढोबळमानाने मानता येते.

बऱ्या परिस्थितीतल्या साठीच्या पुरुषांत वर्षाला हजारी ११ मृत्यू होतात असे नमुन्यादाखल धरू. मग ६८ व्या वर्षी हा दर २२, ७६ व्या वर्षी ४४, ८४ व्या वर्षी ८८ असा चढत जातो. स्त्रियांसाठी साठीचा दर हजारी ८ धरू. या गृहीतांवरून आज ६० वर्षांच्या असलेल्या दर १०० जणांमागे पुढीलप्रमाणे चित्र निघते.

- ८० पर्यंत पोहोचणारे: पुरुष ५५, स्त्रिया ६५
- ८५ पर्यंत: पुरुष ३७, स्त्रिया ४९
- ९० पर्यंत: पुरुष २१, स्त्रिया ३२
- ९५ पर्यंत: पुरुष ८, स्त्रिया १६

हे आकडे कोणत्याही अधिकृत सारणीतले नाहीत. गृहीत दर बदलला की तेही बदलतील. पण त्यांची ठेवण सगळीकडे अशीच असते. मध्यावरचे वय पुरुषांसाठी साडेएक्याऐंशीच्या आसपास येते, म्हणजे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ज्या वयात करतात, तिथपर्यंत या गटातले निम्म्याहून अधिक पुरुष पोहोचतात. आणि मध्यानंतरही रांग एकदम संपत नाही. पाचांतला एक नव्वदी गाठतो. नियोजनात खरा धोका या उरलेल्या पाचव्या हिश्श्याचा आहे, कारण आपण त्यात आहोत की नाही हे आधी कळत नाही.

म्हणून नियोजनाचे वय ठरवताना, ज्या वयापलीकडे जगण्याची शक्यता चारात एक किंवा त्याहून कमी उरते, ते वय निवडावे. वरच्या गृहीतांनुसार एकट्या पुरुषासाठी ते ८८-८९ आणि एकट्या स्त्रीसाठी ९२ येते. ज्यांना धोका अजिबात नको, मागे आधार देणारे कोणी नाही किंवा घर विकण्याजोगे नाही, त्यांनी दहात एक ही मर्यादा धरावी. मग पुरुषांनाही ९४-९५ पर्यंत जावे लागते.

जोडप्याचे गणित वेगळे

पती-पत्नी दोघांची सोय एकाच पुंजीतून होणार असेल, तर दोघांतले जो मागे राहील त्याच्या अखेरपर्यंत ती पुरली पाहिजे. इथे शक्यता झपाट्याने वाढते. दोघेही आज ६० वर्षांचे असतील, तर ९० च्या आधी पुरुष जाण्याची शक्यता ७९ टक्के आणि स्त्री जाण्याची ६८ टक्के. दोघेही नव्वदीआधी जाण्याची शक्यता या दोन्हींचा गुणाकार, म्हणजे सुमारे ५४ टक्के. उरलेल्या ४६ टक्क्यांत दोघांपैकी किमान एक नव्वदी गाठतो. ९५ वर्षांसाठी हाच आकडा २३ टक्के येतो. चारात एक हीच मर्यादा ठेवली तरी जोडप्याने ९५ पर्यंतचा हिशेब करावा लागतो.

या गणितात पती-पत्नीचे आयुष्य एकमेकांपासून स्वतंत्र मानले आहे. प्रत्यक्षात राहणी, खाणे-पिणे, कधी दुःखही सामायिक असते, त्यामुळे शक्यता थोडी खाली येते. पण आपल्याकडे पत्नी बहुधा वयाने लहान असते आणि ही बाब शक्यता पुन्हा वर नेते. पत्नी चार वर्षांनी लहान असेल आणि स्त्रियांचे आयुर्मान वर्ष-दीड वर्षाने अधिक असेल, तर सरासरीनेच तिच्या वाट्याला पाच-साडेपाच वर्षांचे एकटेपण येते. ती ९५ ची होईल तेव्हा पती हयात असता तर ९९ चा असता. म्हणून पुंजी किती वर्षे पुरवायची हे पतीच्या निवृत्तीपासून मोजावे, पण ती कोणाच्या वयापर्यंत पुरवायची हे धाकट्या जोडीदारावरून ठरवावे.

उत्पन्नही त्याच वेळी घटते. केंद्र सरकारच्या जुन्या निवृत्तिवेतन नियमांत निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के असते, तर कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीच्या वाढीव दराचा काळ संपल्यावर ३० टक्क्यांवर येते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये निवृत्तिवेतनधारकाच्या पश्चात पत्नीला निम्मी रक्कम मिळते. घरभाडे किंवा सोसायटीची देखभाल, वीज, मोलकरीण हे खर्च मात्र एक माणूस कमी झाला म्हणून निम्मे होत नाहीत.

स्वतःच्या प्रकृतीप्रमाणे अंदाज वर-खाली करणे

सारणीतला आकडा ही सुरुवात. त्यात स्वतःच्या परिस्थितीनुसार बदल करताना प्रत्येक गोष्टीचे वजन नीट ओळखावे लागते.

तंबाखूचे वजन सर्वांत स्पष्ट आहे. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी घटते. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षे मागोवा घेतला. त्यातही सिगारेटमुळे सुमारे १० वर्षांचेच नुकसान दिसले. मात्र चाळिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना त्यांतली ९, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६ आणि साठीत सोडणाऱ्यांनाही ३ वर्षे परत मिळाली.

मधुमेहाचे प्रमाण मराठी मध्यमवर्गात मोठे असल्याने त्याचा विचार टाळता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणानुसार पन्नाशीत मधुमेह असलेली व्यक्ती तो नसलेल्या व्यक्तीपेक्षा सरासरी ६ वर्षे आधी मरण पावते. २०१५ च्या पुढच्या विश्लेषणात मधुमेह, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांपैकी कोणतेही दोन आजार असतील, तर साठीच्या व्यक्तीचे आयुर्मान सुमारे १२ वर्षांनी घटलेले आढळले. हे अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर झालेले आहेत. शिवाय साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणाऱ्यांचे नुकसान कमी असते. त्यामुळे हे आकडे दिशा कळण्यापुरते घ्यावेत.

आनुवंशिकतेला लोक बहुधा गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतात. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतला सुमारे पाव हिस्साच वारशाने ठरतो असे दिसले. वडील ६२ व्या वर्षी गेले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ते कशाने गेले हे पाहावे. क्षय, अपघात किंवा वेळेत न मिळालेला उपचार हे कारण असेल, तर मुलाच्या आयुष्याशी त्याचा संबंध तोकडा आहे. पन्नाशीच्या आत आलेला हृदयविकार मात्र दखल घेण्याजोगा असतो. दोन्ही घरची आजी-आजोबा नव्वदीत गेली असतील तर दोन-तीन वर्षे वाढवावीत, त्याहून अधिक नाही.

आजारी माणसाने तरतूद कमी करावी का, याचे उत्तर वरच्याच गणितात मिळते. मृत्यूची जोखीम दुप्पट झाली म्हणून उरलेले आयुष्य निम्मे होत नाही. ज्या पुरुषाचे मध्यावरचे वय साडेएक्याऐंशी येत होते, त्याची जोखीम दुप्पट धरली तर ते ७५ वर येते. फरक सुमारे ६ वर्षांचा. आणि त्याच्यासारख्या चारांतला एक तरीही साडेएक्याऐंशीपर्यंत जातो. म्हणजे मधुमेही पुरुषानेही ८२ पर्यंतची सोय करावीच. तो विवाहित असेल, तर हिशेबाचे वय पत्नीच्या प्रकृतीवरून ठरते आणि ते फारसे खाली येत नाही.

वर्षांवरून रकमेकडे

दरमहा ५०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६ लाख खर्च असलेले जोडपे घेऊ. कर वजा जाता मिळणारे व्याज आणि महागाई सारखीच आहे असे धरले, तर लागणारी पुंजी म्हणजे वार्षिक खर्च गुणिले वर्षे. साठीनंतर १८ वर्षे धरली तर १ कोटी ८ लाख, ९५ पर्यंतची ३५ वर्षे धरली तर २ कोटी १० लाख. काळाच्या अंदाजातल्या फरकानेच रक्कम जवळजवळ दुप्पट झाली. महागाईचा दर ६ टक्के राहिला, तर आजचे ५०,००० बारा वर्षांनी १ लाख आणि चोवीस वर्षांनी २ लाख होतात. म्हणून न वाढणारे मासिक व्याज हे सुरुवातीला पुरेसे वाटले तरी ऐंशीनंतर अपुरे पडते.

एवढी पुंजी साठवणे प्रत्येकाला जमत नाही आणि जमलेच तरी चारांतल्या तीन जोडप्यांना ती पूर्ण लागणार नसते. काटकसरीत वर्षे काढून मागे मोठी रक्कम ठेवून जाणे, हीही एक चूकच. या पेचातून मार्ग काढण्यासाठी खर्चाचे दोन भाग करावेत.

पहिला भाग म्हणजे किराणा, औषधे, वीज, देखभाल, विम्याचा हप्ता असा न टळणारा खर्च. तो शक्यतो हयातभर मिळणाऱ्या उत्पन्नातून भागवावा. सरकारी निवृत्तिवेतन, कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या पुंजीतल्या ठरावीक भागातून घेतलेली ॲन्युइटी, विमा कंपनीकडून एकरकमी विकत घेतलेली पेन्शन हे त्याचे मार्ग. यांत लवकर जाणाऱ्यांचे पैसे दीर्घायुषी माणसांच्या कामी येतात, त्यामुळे नव्वदीनंतरचा धोका एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. ॲन्युइटी घेताना जोडीदाराला पूर्ण रक्कम चालू ठेवणारा पर्याय निवडावा. मूळ रक्कम वारसांना परत देणाऱ्या पर्यायात दरमहा हाती कमी पडते, हेही लक्षात ठेवावे. वय वाढेल तसा पेन्शनचा दर चढतो. म्हणून सगळी रक्कम साठीलाच न गुंतवता काही ६५ ला, काही ७० ला गुंतवणे सोयीचे ठरू शकते.

यांतल्या बहुतेक पेन्शन महागाईबरोबर वाढत नाहीत. सरकारी निवृत्तिवेतनाची गोष्ट वेगळी. त्यावर महागाई भत्ता मिळतो, शिवाय केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन आहे. ज्यांना असे कवच नाही, त्यांनी पुंजीचा काही भाग दीर्घ मुदतीसाठी वाढत्या गुंतवणुकीत ठेवावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुरक्षित आहे, पण तिची मुदत ५ वर्षांची आणि गुंतवणुकीची मर्यादा ३० लाखांची आहे. पुढच्या वेळी व्याजाचा दर काय असेल हे आज ठरत नाही.

दुसरा भाग प्रवास, समारंभ, नातवंडांच्या भेटी अशा खर्चाचा. तो पुंजीतून करावा आणि त्याला दरवर्षी मर्यादा घालावी. उरलेली पुंजी भागिले नियोजनाच्या वयापर्यंतची उरलेली वर्षे, एवढीच रक्कम त्या वर्षी काढावी. बाजार पडला तर ती आपोआप घटते, वाढला तर वाढते आणि पुंजी मध्येच संपत नाही. ऐंशीनंतर प्रवास कमी होतो, मात्र आरोग्यावरचा आणि घरी ठेवाव्या लागणाऱ्या मदतनिसाचा खर्च वाढतो. त्यासाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी. राहते घर ही अखेरची राखीव पुंजी समजावी, ती पहिल्या दहा वर्षांत मुलांच्या नावे करू नये.

अंदाजाची फेरतपासणी

हा अंदाज एकदा बांधून संपत नाही. दर पाच वर्षांनी आणि मोठे आजारपण, जोडीदाराचे निधन किंवा घराची विक्री यांनंतर तो पुन्हा मांडावा. त्यासाठी पायऱ्या ठरलेल्या असाव्यात: आजच्या वयाचे सारणीतले उर्वरित आयुर्मान पाहणे, आर्थिक-सामाजिक परिस्थितीप्रमाणे त्यात दोन-चार वर्षे वाढवणे, व्यसन आणि आजारांप्रमाणे ती कमी-अधिक करणे, जोडप्यासाठी धाकट्या जोडीदाराचे वय धरणे आणि शेवटी सरासरीच्या पुढे, चारात एक शक्यतेच्या वयापर्यंत जाणे. ७० व्या वर्षी हा हिशेब करणाऱ्याचे सरासरीने गाठायचे वय साठीपेक्षा तीन-चार वर्षांनी पुढे गेलेले दिसेल. नियोजनाचे अखेरचे वय त्या मानाने थोडेच हलते. सुरुवातीलाच ते ९०-९५ धरलेले असेल, तर प्रत्येक फेरतपासणीत बदल करावा लागतो तो दरवर्षी काढायच्या रकमेत, मूळ आराखड्यात नाही.